गजाधर भैयाचा दगडी पाय

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणी ना कोणी नोकरीच्या आठवणी लिहितंच. फॅक्टरीवाले तोफांबद्दल लिहितात, रेल्वेवाले गाड्यांबद्दल, आणि एक काका तर दर अंकात त्याच एका साहेबाशी नव्यानं भांडतात. यंदा संपादिकाबाईंनी मला धरलं. म्हणाल्या, "शालूताई, भुयाराबद्दल लिहा ना." मी म्हटलं, बाई, माझं मराठी जबलपूरचं, 'काहून' आणि 'करून राहिली' वालं, पुण्याच्या पाहुण्यांना ठसका लागेल. त्या म्हणाल्या, लागू द्या. म्हणून लिहून राहिली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. टेकड्यांच्या पोटात आपलं जे जुनं भुयार आहे, त्यात लोक तलवारी-ढाली घेऊन उतरतात, सापळे चुकवतात, वेताळ-राक्षसांना तोंड देतात आणि शेवटच्या खोलीतली पेटी उघडून खजिना घेऊन वर येतात. त्यांना आम्ही तोंडावर 'वीर' म्हणायचो आणि पाठीमागे गिऱ्हाईक. मी त्या भुयारात फिटर होती. सापळे बसवणं, दारांना तेलपाणी करणं, घरंगळून गेलेला धोंडा परत वर चढवून ठेवणं, ही माझी कामं. वीर समोरच्या रस्त्यानं जातात. आम्ही भिंतीमागच्या अरुंद गल्लीतून पळतो, म्हणजे ते दुसऱ्या खोलीत पोचायच्या आत पहिली खोली पुन्हा होती तशी झाली पाहिजे.

आमचं घर विदर्भातून आलेलं, बौद्ध, आणि बाबा एकदम पक्के. फॅक्टरीत टर्नर होते. भूत, प्रेत, नवस, अंगारा, काही म्हणजे काही त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. मला फिटरचा कोर्स करून फॅक्टरीत जागा मिळाली नाही आणि भुयारात मिळाली, तेव्हा मी दोन दिवस घरात सांगितलंच नाही. मग जेवताना सांगून टाकलं.

"भूत नसते, शालू," बाबा म्हणाले.

"मी कुठं म्हणते असते म्हणून? मला फक्त त्याच्या खोलीचं दार दुरुस्त करायचं आहे."

बाबांनी थोडा वेळ भात कालवला. "पर्मनंट आहे काय?"

"आहे."

"मंग जा."

मला काम शिकवलं रम्मू उस्तादांनी. ठेंगणे, तोंडात सदा सुपारी, आणि स्वभाव असा की पाना हातातून निसटला तर पान्यालाच शिव्या. पण त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. जो सापळा बसवेल, त्यानं त्यात आधी स्वतः पडायचं. कमरेला दोर बांधायचा आणि गिऱ्हाइकासारखं चालत जाऊन पडायचं. कुठं खरचटते, कुठं डोकं आपटते, बाहेर यायची वाट हाताला लागते की नाही, हे पडल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडं कोणी मरत नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसते. खड्ड्यात पेंढा असतो. पडलेल्या वीराला आम्ही मागच्या गल्लीनं उचलून बाहेरच्या चहाच्या टपरीवर नेऊन बसवतो. तिथं तो शुद्धीवर येतो आणि घरी जाऊन आपण कसे शर्थीनं लढलो ते सांगतो. सांगो बापडा.

मी त्या नोकरीत इतक्यांदा पडली आहे की विचारू नका. लग्नानंतर सासूबाई माझ्या कोपराकडं बघून माझ्या नवऱ्यावरच संशय घ्यायच्या. बिचारा.

गिऱ्हाइकं एकेक नमुने यायची. एक साहेब जाळी कमी आहेत म्हणून तक्रार करून गेले. त्यांना कोळ्यांची जाळी दाट पाहिजे होती. एका लग्नाच्या वरातीनं नवरदेवाला घोड्यासकट उतरवायचा हट्ट धरला होता. घोडा शहाणा, तो दारातच बसला. आणि आपल्याच मंडळातल्या एक काकू, नाव सांगत नाही, अंक त्यांच्याही घरी जातो, त्या नातेवाइकांच्या घोळक्यासोबत आल्या. वेताळ आपला उलटा लटकून डोळे गरगरा फिरवून राहिला होता. बाकीचे तलवारी काढून थरथरत होते. काकू पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मूळचे कुठले हो?"

वेताळ गडबडला. म्हणाला, "काटोलकडचे जी."

"अगबाई! काटोलला माझी नणंद दिली आहे!"

पुढची सगळी ड्युटी त्यानं काटोलच्या लोकांची चौकशी ऐकण्यात काढली. काकू गेल्यावर मागच्या गल्लीत येऊन मला म्हणाला, "दीदी, ह्यांना परत पाठवू नका. मला एकाएकी घरची आठवण येऊन राहिली आहे."

खजिन्याचंही सांगते, लोक फार विचारतात. दागिने सराफ्यातल्या एका कारागिराकडून यायचे, पितळेवर मुलामा. सापळ्यांच्या स्प्रिंगा आणि बेअरिंगं रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये बनायची. ते मालक पहिल्यांदा म्हणाले होते, बाई, ही स्प्रिंग कशाला लागते? मी म्हटलं, माणूस पाडायला. ते हसले. मी हसली नाही. तेव्हापासून माझं काम ते वेळेवर करून द्यायचे.

पण मला लिहायचं आहे ते गजाधर भैयाबद्दल. बाकी सगळी प्रस्तावना समजा.

गजाधर भैया शेवटच्या खोलीतला राक्षस. दारात मावणार नाही एवढा, रंग भिजलेल्या काळ्या दगडासारखा, आणि आवाज असा की त्याच्या डरकाळीनं माझ्या डब्याचं झाकण उडायचं. स्वभावानं मात्र गरीब. माझ्या हातची सांबारवडी, म्हणजे तुमची कोथिंबिरीची वडी, त्याला भारी आवडायची. सकाळी मी गल्लीतून गेली की आतून विचारायचा, "काय दीदी, आज का लाईं?" आणि वडी असली की एवढा मोठा राक्षस जमिनीवर मांडी घालून बसायचा.

आता यांच्या जातीची एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. राक्षस वडी खातो ती चवीसाठी. त्याचं खरं अन्न म्हणजे भीती. समोरचा माणूस मनापासून घाबरला पाहिजे. ते त्यांचं डाळ-भात. बरेच दिवस कोणी घाबरलंच नाही, तर राक्षस पायापासून दगड होत जातो. आपल्या जबलपूरच्या टेकड्यांवर जे काळे धोंडे एकावर एक तोल सांभाळून बसलेले दिसतात ना, ज्यांच्यासमोर तुम्ही पाहुण्यांचे फोटो काढता, ते सगळे आमचे रिटायर झालेले लोक आहेत. रम्मू उस्ताद टेकडीवरून जाताना धोंड्यांना हात लावून नावानं हाका मारायचे. माझ्या डोळ्यांदेखत एक गेली, दुसऱ्या खोलीतली सुखिया. हसरी होती, वीरांना बघून तिलाच हसू यायचं, मग कोण घाबरणार? मी तेव्हा नवीन होती, मला काही कळलं नाही आणि करताही आलं नाही. अजून टेकडीवर गेली की तिच्या सावलीत बसते. वाईट वाटते.

तर झालं असं की लोकांनी घाबरणं सोडलं. हातात मोबाईल आले. गजाधर भैया डरकाळी फोडायचा आणि समोरचे पोट्टे पाठ फिरवून त्याच्यासोबत सेल्फी काढायचे. "भैया, थोडा और मुँह खोलो ना!" एकीनं तर त्याच्या शिंगाला ओढणी अडकवून फोटो घेतला. भैया भोळा, तो तोंड उघडून द्यायचा. संध्याकाळी मला म्हणायचा, "दीदी, आज बड़े प्रेम से मिले सब."

एक दिवस सांबारवडी खायला तो मांडी घालून बसेना. उभाच राहिला.

"काहून, काय झालं?"

"कछु नईं दीदी. बायाँ पाँव मुड़ नईं रओ."

मी खाली वाकून त्याच्या पायावर पान्यानं टकटक केली. दगडाचा आवाज आला. त्याच्याकडं वर बघवलं नाही मला.

मग आम्ही काय काय केलं नाही! सगळ्या स्टाफनं पाळीपाळीनं त्याच्यासमोर जाऊन बोंबा मारल्या. वेताळानं तर बेशुद्ध पडून दाखवलं, फार छान पडला. पण नाटकी भीती लागत नाही. प्लॅस्टिकच्या केळ्यानं पोट भरते काय कोणाचं? मग त्याला लाल दिव्यात उभं केलं, धूर सोडला. गिऱ्हाईक म्हणालं, वा, लायटिंग मस्त आहे. दगड पोटरीपर्यंत चढला.

आणि मी? मला विचाराल तर मी कधीच कोणाला घाबरली नाही. बाबांचा वारसा. त्याच्यासमोर मी उभी राहायची, डोळे मिटून म्हणायची, शालू, हा राक्षस आहे, तुला खाईल, घाबर. आणि मला फक्त त्याच्या दाढेत अडकलेली वडी आठवायची. दोघंही हसत सुटायचो. हसून झाल्यावर तो हळूच आपल्या पायाकडं बघायचा.

बाबांना घरी हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, मी येतो. रिटायर होऊन वेळ जात नव्हता त्यांचा. काठी टेकत आले, गजाधर भैयाला पायापासून शिंगांपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाले, "मी मानत नाही."

"हओ बाबूजी, कोई बात नईं," भैया म्हणाला. "चाय पीहो?"

बाबांनी त्याच्यासोबत चहा घेतला, फॅक्टरीच्या लेथबद्दल बराच वेळ सांगितलं, निघताना त्याचा पाय चाचपून पाहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "नसते हे खरं आहे. पण माणूस चांगला आहे. काही कर बाई त्याचं."

काही कर म्हणणं सोपं आहे. तोवर दगड मांडीपर्यंत आला होता. आमचे व्यवस्थापक पटेरिया जी, मनानं वाईट नाहीत, पण त्यांनाही वरून विचारणा होत होती. एक दिवस ते मला हळू आवाजात म्हणाले, "शालू जी, टेकडीवर याच्यासाठी चांगली जागा बघून ठेवू का? सुखियाच्या बाजूला आहे एक." मी त्यांच्या अंगावर अशी खेकसली की ते बिचारे दोन पावलं मागं सरले. आता वाटते, तेवढी भीती त्यांनी भैयासमोर दाखवली असती तर काम झालं असतं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर शेवटच्या खोलीतली डुलती फरशी बदलायची निघाली. ही फरशी म्हणजे खड्ड्यावर ठेवलेली शिळा. पाय पडला की कलते आणि माणूस खाली पेंढ्यात जातो. ओल धरली म्हणून पेंढा बाहेर उन्हात घातलेला, खड्डा मोकळा. हे नेहमीचंच. पहिलं पडणं दोरावर होते, पेंढ्याची गरज नसते. रिछाईहून नवी स्प्रिंग आली, मी बसवली, दोर काढला आणि कमरेला बांधायला लागली. माझा गुडघा तेव्हा फार दुखून राहिला होता. उठताना तोंडातून 'आई गं' निघून गेलं.

गजाधर भैयानं ते ऐकलं. "दीदी, तुम बैठो. आज हम गिर लेत हैं."

"अबे, वेडा आहेस काय! थांब!"

पण तो चालायला लागला होता. पेंढा काढलेला आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो कधी खड्ड्याच्या आत डोकावलाच नव्हता, ते आमचं काम. त्यानं आपला दगडी पाय उचलून धाडकन शिळेवर ठेवला. तेवढं वजन कोणत्या स्प्रिंगनं पेलावं? शिळा अर्धी कलली, वाकडी होऊन अडकली, आणि भैया घसरत खाली गेला. एका हातानं त्यानं खड्ड्याची कड धरली. खाली नुसता खडक. अर्धा दगड झालेला माणूस खडकावर पडला तर त्याचे तुकडेच होणार, टेकडीवर ठेवायलाही काही उरणार नाही. हे सगळं मला एका क्षणात दिसलं आणि मी किंचाळली.

ते किंचाळणं मला अजून आठवते. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. कमरेचा दोर त्याच्याकडं फेकायचं भान आहे पण गाठ सुटत नाही. "भैया, सोडू नको! माझ्या माय, सोडू नको रे!" मी जमिनीवर पालथी पडून त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. जसं काही माझ्यानं तो ओढला जाणार होता!

आणि भैया खालून म्हणाला, "दीदी... पाँव."

"काय पाय? कड धर!"

"पाँव मुड़ रओ है."

त्यानं डावा गुडघा वाकवला, पाय भिंतीला लावला, रेटा दिला आणि वर आला. आम्ही दोघं त्या वाकड्या शिळेजवळ बसून राहिलो. बसून! मांडी घालून बसला होता तो. मी त्याच्या पायावर टकटक केली तर तो "ए दीदी, लगत है!" म्हणून ओरडला. मी तिथंच भोकाड पसरलं. वेताळ धावत आला, त्याला वाटलं भैया गेला. तोही रडायला लागला. कोण काहून रडते हे एकमेकांना सांगेपर्यंत बराच वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मी त्याला घाबरली नव्हती. त्याच्यासाठी घाबरली होती. आणि पोट त्याचं तेवढंच भरलं होतं! भीती खरी पाहिजे, कोणासाठी ते ती विचारत नाही. मग मी सरळ पटेरिया जींकडं गेली आणि म्हटलं, शेवटची खोली मला नव्यानं बांधायची आहे, मधे बोलू नका.

रिछाईच्या वर्कशॉपमधून एक जाडजूड बेअरिंग करून आणलं. खोलीच्या मधोमध दोन धोंडे एकावर एक ठेवले, टेकडीवर असतात तसे, आणि वरचा धोंडा बेअरिंगवर बसवला, म्हणजे तो डुलतो पण पडत नाही. नियमाप्रमाणे आधी मी वर चढली. गुडघा दुखत होता तरी चढली, चांगले हेलकावे खाल्ले, खाली नवा कोरडा पेंढा टाकून त्यात पडलीसुद्धा. मग भैयाला चढवलं.

पहिली टोळी आली ती मोबाईल उंच धरूनच. आत येतात तर काय, एवढा मोठा राक्षस डुलत्या धोंड्याच्या टोकावर हात फडफडवून राहिला आहे. डरकाळी नाही, काही नाही. मोबाईल खाली आले. "अरे भैया! उतरो!" "अरे कोई पकड़ो उनको!" एकानं तलवार टाकून दिली आणि दोन्ही हात वर करून खाली उभा राहिला, झेलायला! मी भिंतीमागच्या फटीतून बघून राहिली होती. भैयाच्या मांडीवरची दगडी कळा माझ्यासमोर उतरत गेली. टोळी त्याला बाबापुता करून खाली उतरवूनच गेली. खजिन्याची पेटी उघडायची विसरून गेले. पुढं हे इतक्यांदा व्हायला लागलं की सराफ्याचा कारागीर काम कमी झालं म्हणून कुरकुरायला लागला.

पटेरिया जी पाहणीला आले तेव्हा आधी म्हणाले, राक्षसानं घाबरवलं पाहिजे, हे काय सर्कशीसारखं? मी म्हटलं, आत जाऊन बघा. आत गेले आणि चष्मा, पेन सगळं टाकून ओरडले, "गजाधर! अरे बेटा, बैठ जा! बैठ जा!" बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. त्यानंतर टेकडीवरच्या जागेचा विषय निघाला नाही.

गेल्या वर्षी मी रिटायर झाली. निरोपाला समोसे, हार, भाषण, सगळं झालं. वेताळानं भाषण केलं आणि मधेच उलटा होऊन पूर्ण केलं, सरळ उभं राहून त्याला बोलता येत नाही. गजाधर भैयाला बाहेर येता येत नाही म्हणून मीच शेवटच्या खोलीत गेली. डबा दिला, त्यानं तिथंच संपवला.

निघताना मी त्याच्या खोलीतूनच मागच्या गल्लीकडं वर जाणाऱ्या लोखंडी शिडीनं चढायला लागली. आयुष्यभर चढली ती शिडी. अर्ध्यावर गुडघ्यानं दगा दिला, पाय सटकला आणि मी दांडीला लटकली. खालून असा आवाज आला की गल्लीतले सगळे दिवे हलले. मी खूप डरकाळ्या ऐकल्या आहेत, ही तसली नव्हती.

"दीदी! सँभल के! सँभल के, दीदी!"

मी पाय टेकवला, दांडी घट्ट धरली आणि खाली पाहिलं. गजाधर भैया शिडीखाली दोन्ही हात वर करून उभा होता. तोंड उघडं, डोळे पांढरे झालेले. "ठीक आहे मी, भैया," मी म्हटलं.

त्यानं हात खाली घेतले नाहीत. अगदी बारीक आवाजात मला विचारलं, "काय दीदी, सबको ऐसो लगत है का? हमाए सामने जो आत हते, उन सबको?"

"हो रे, तुझ्यासमोर आलेल्या सगळ्यांना असंच वाटायचं," मी म्हटलं.

"बहुत बुरो लगत है," गजाधर भैया म्हणाला, आणि मी वरच्या दारातून बाहेर पडून आवाज देईपर्यंत तो तसाच हात वर करून शिडीखाली उभा राहिला.